पडद्याचा शून्यदोष

विद्यार्थी मित्रांनो, व्हर्नियर कॅलिपर हातात घेतल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय करता? त्याचे दोन्ही जबडे मिटवून शून्यावर शून्य येते की नाही, ते पाहता. येत नसेल तर त्या उपकरणात शून्यदोष आहे असे म्हणता आणि तेवढी दुरुस्ती प्रत्येक मोजमापात करता. ॲमीटरचा काटा शून्यावर आहे ना, तराजूची पारडी समतोल आहेत ना, हेही आपण आधी पाहून घेतो. मात्र ज्या उपकरणाकडे आपण रोज तासन्‌तास डोळे लावून बसतो, त्याचा शून्यदोष सहसा कोणीच तपासत नाही. ते उपकरण म्हणजे संगणकाचा मॉनिटर.

मॉनिटरला उपकरण म्हणायचे, हे मलाही उशिराच उमगले. आमच्या प्रयोगशाळेत पाऱ्याच्या दिव्याचा वर्णपट कॅमेऱ्याने टिपून तो संगणकाच्या पडद्यावर पाहण्याचा एक प्रयोग आहे. या वर्णपटात ५७७ आणि ५७९ नॅनोमीटरच्या पिवळ्या जोडरेषा, ५४६ ची हिरवी, ४३६ ची निळी आणि ४०५ ची जांभळी रेषा सहज दिसते. हिरवी आणि निळी यांच्या मध्ये, ४९२ नॅनोमीटरच्या जवळ, एक निळसर हिरवी अंधूक रेषाही असते. दोन विद्यार्थिनींनी आपल्या वहीत लिहिले, ‘ही रेषा आढळली नाही.’ शेजारच्या टेबलावरच्या मुलांना तर ती दिसली होती, आणि चित्रही तेच होते. मी लाल शाईने ‘निरीक्षणात निष्काळजीपणा’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले.

काही दिवसांनी मी स्वतः त्याच टेबलावर बसलो, तेच चित्र उघडले, आणि काय आश्चर्य! मलाही ती रेषा दिसेना. मुली निष्काळजी नव्हत्या, मॉनिटर चुकीचा जुळवलेला होता. तो कसा आणि किती चुकीचा होता, हे समजून घेण्यासाठी आधी पडद्याच्या आत डोकावू या.

पडद्याच्या आत

आजचे बहुतेक मॉनिटर द्रवस्फटिकांचे, म्हणजे एलसीडी प्रकारचे असतात. पडद्याच्या मागे पांढरा प्रकाश देणारे एलईडी दिवे असतात. त्यांच्यापुढे प्रकाशाचे ध्रुवण करणाऱ्या दोन पातळ पट्ट्या आणि त्या दोहोंच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो. पहिल्या पट्टीतून आलेल्या प्रकाशाचे कंपन एकाच दिशेत होते. द्रवस्फटिक ही दिशा वळवतो. विजेचा दाब बदलला की ती किती वळेल हेही बदलते, आणि त्यानुसार दुसऱ्या पट्टीतून कमीअधिक प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक बिंदू ही जणू प्रकाशाची एक तोटीच असते!

शाळेच्या प्रयोगशाळेतील पोलरॉइडचा तुकडा पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत पडदा स्वच्छ दिसेल आणि तेथून ९० अंश फिरवल्यावर काळा पडेल. पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, याचा हा पुरावा.

२४ इंची मॉनिटरवर पुष्कळदा आडव्या दिशेत १९२० आणि उभ्या दिशेत १०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूत तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन तोट्या. म्हणजे बासष्ट लाखांहून अधिक तोट्या एका पडद्यात नांदत असतात. त्या सर्वांवर ताबा ठेवणारी चारपाच बटणे आपल्या हाती दिलेली आहेत. आता एकेक बटण पाहू.

बिंदूला बिंदू

पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर धरली, तर एका बिंदूची रुंदी साधारण ०.२८ मिलिमीटर येते. निरोगी डोळ्याला साधारण एक कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या कोनाइतके अंतर वेगळे ओळखता येते. ६० सेंटिमीटर अंतरावर हे अंतर ०.१७ मिलिमीटर भरते. बिंदू त्याहून मोठा आहे, म्हणून बिंदूंच्या मांडणीतील गोंधळ डोळ्याला कळतो.

अशा पडद्याला संगणकाने १२८० × ७२० बिंदूंचे चित्र पाठवले तर काय होईल? चित्रातील एका बिंदूच्या वाट्याला पडद्यावरचे दीड बिंदू येतील. पण अर्धा बिंदू तर पडद्यावर नाही! मग एका बिंदूची काळी रेष एक काळा आणि शेजारचा एक करडा, अशी पसरते. अक्षरांच्या कडा भुरकट होतात आणि आपल्याला वाटते, चष्म्याचा नंबर वाढला. म्हणून पहिला नियम असा की, सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ उघडून रेझोल्यूशन पडद्याच्या मूळ बिंदूंइतकेच ठेवावे. विंडोज प्रणालीत त्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते. अक्षरे बारीक वाटली तर रेझोल्यूशन कमी न करता ‘स्केल’ वाढवावे. त्यामुळे अक्षरे मोठी होतात, पण कडा रेखीव राहतात.

याची एक सोपी कसोटी आहे. पेंटमध्ये एक वर्तुळ काढा आणि त्याची उंची व रुंदी पट्टीने मोजा. १०२४ × ७६८ चे चित्र या रुंद पडद्यावर ताणून बसवलेले असेल, तर ९ सेंटिमीटर उंचीचे वर्तुळ १२ सेंटिमीटर रुंद भरेल. वर्तुळाचा आंबा झाला, की समजावे पहिलेच बटण चुकले आहे!

खिडकी, दिवा आणि डोळा

दुसरे बटण मॉनिटरवर नाही, खोलीत आहे. मॉनिटरच्या खोक्यावर ‘१००० : १’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, पांढऱ्याचे तेज १०० एकक असेल तर काळ्याचे फक्त ०.१ एकक. पण हे झाले अंधाऱ्या खोलीत. पडदा खिडकीसमोर ठेवला आणि खिडकीचा ४ एकक उजेड पडद्यावरून परावर्तित झाला असे समजा. तो पांढऱ्यावरही पडतो आणि काळ्यावरही. मग पांढरे होते १०४ आणि काळे होते ४.१. गुणोत्तर किती उरले? सुमारे २५! हजाराचे पंचवीस झाले, तेही एकही बटण न फिरवता. म्हणून पडदा असा ठेवावा की खिडकी आपल्या बाजूला येईल, पाठीशी नको आणि तोंडासमोरही नको.

पडद्याचा कोनही महत्त्वाचा आहे. ‘टीएन’ प्रकारच्या स्वस्त पडद्याकडे खालून पाहिले तर रंग उलटेपालटे दिसतात, कारण तिरप्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशावर द्रवस्फटिकाचा परिणाम वेगळा होतो. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. तसल्याच रेणूंचे पातळ थर पुढे अशा पडद्यांचा हा दोष कमी करण्यासाठी वापरण्यात आले. तरीही पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणि नजर पडद्याला जवळपास लंब, अशी बैठक सर्वांत चांगली.

तेज किती असावे?

आता ‘ब्राइटनेस’. जुन्या काचनळीच्या मॉनिटरवर हे बटण काळ्या रंगाची पातळी ठरवीत असे. आजच्या एलसीडी मॉनिटरवर त्याने बहुधा मागच्या दिव्यांचे तेज बदलते. ते किती ठेवावे, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते.

वाचनाच्या टेबलावर साधारण ४०० लक्स इतका प्रकाश पडतो असे धरा. पांढरा कागद त्यातील सुमारे ८० टक्के प्रकाश सर्व दिशांना परत फेकतो. मग कागदाचे तेज = ४०० × ०.८ ÷ ३.१४, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ १०० कॅन्डेला. पुष्कळ मॉनिटर पूर्ण तेजावर २५० ते ३५० कॅन्डेला देतात. म्हणजे वहीतून मान वर करून पडद्याकडे पाहिले की डोळ्यांपुढे अडीच ते साडेतीनपट तेज येते आणि पुन्हा वहीकडे वळले की ती वही काळवंडल्यासारखी वाटते. हा खेळ दिवसभर चालला तर डोळे शिणणारच.

तेव्हा मोजपट्टी म्हणून कोरा कागदच वापरा. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, त्याच्या शेजारी पांढरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमीजास्त करा. रात्री खोलीतला उजेड १०० लक्सवर आला तर कागदाचे तेज २५ कॅन्डेलावर येते. त्या वेळी पडद्याचे तेजही उतरवले पाहिजे, किंवा खोलीत आणखी एक दिवा लावला पाहिजे. एकच एक आकडा सर्व वेळेला योग्य असू शकत नाही.

काळ्याच्या पोटातील पायऱ्या

संगणक प्रत्येक रंगाला ० ते २५५ असा आकडा देतो. ० म्हणजे तोटी बंद आणि २५५ म्हणजे पूर्ण उघडी. पेंटमध्ये सगळे पान काळे करा. त्यावर पाच चौकोन काढा आणि ‘एडिट कलर्स’ मध्ये तांबडा, हिरवा, निळा या तिन्हींना समान आकडे देऊन ते रंगवा : ४, ८, १२, १६ आणि २०. पडदा नीट जुळवलेला असेल तर खोलीतील उजेड कमी करून पाहताना निदान ८ पासूनचे चौकोन ओळखू आले पाहिजेत. नंतर पांढऱ्या पानावर २५१, २४७, २४३, २३९ आणि २३५ या आकड्यांचे चौकोन काढा. तेही वेगवेगळे दिसावेत. पांढऱ्याकडचे चौकोन मिसळून जात असतील तर ‘काँट्रास्ट’ थोडा उतरवा. तो फार वाढवला की वरच्या पायऱ्या एकमेकींत विरघळतात.

काळ्याकडचे १६ पर्यंतचे सारेच चौकोन गडप झाले असतील तर मात्र कारण निराळे असण्याचा संभव आहे. दूरचित्रवाणीच्या जगात ० ऐवजी १६ ला काळा आणि २५५ ऐवजी २३५ ला पांढरा मानण्याची पद्धत आहे. एचडीएमआय तारेने जोडलेला मॉनिटर या पद्धतीवर आणि संगणक ०–२५५ च्या पद्धतीवर असेल, तर १६ व त्याखालचे सारे आकडे सरसकट काळे होतात. मॉनिटरच्या मेनूत किंवा संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये ‘रेंज’ या नावाखाली ‘लिमिटेड’ आणि ‘फुल’ असे पर्याय असतात. दोन्हीकडे ‘फुल’ ठेवले की भाषा एक होते.

निम्मा म्हणजे किती?

मित्रांनो, २५५ चा निम्मा आकडा १२८ धरू. मग १२८ दिल्यावर पडदा निम्मा प्रकाश देतो का? नाही! तो देतो फक्त २२ टक्के. पडद्याचे तेज आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही, तर आकड्याच्या सुमारे २.२ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. या घातांकाला ‘गॅमा’ म्हणतात. काचनळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांची बंदूक निसर्गतःच असे वागत असे. एलसीडीने तीच चाल मुद्दाम पुढे चालवली, कारण ती आपल्या डोळ्यांना मानवते. डोळा फरकापेक्षा गुणोत्तर ओळखतो. एका मेणबत्तीशेजारी दुसरी लावली तर लगेच कळते, शंभर मेणबत्त्यांत एकीची भर पडली तर जेमतेम कळते. गॅमामुळे अंधाऱ्या भागात आकड्यांच्या पायऱ्या जवळजवळ पडतात आणि जेथे डोळा चोखंदळ असतो तेथेच त्या उपयोगी येतात.

गॅमा तपासण्याचा प्रयोग फार सुंदर आहे. पेंटमध्ये एका चौकोनात एक बिंदू जाडीची काळी आणि एक बिंदू जाडीची पांढरी अशा आडव्या रेषा आलटूनपालटून काढा. थोड्या काढून त्यांची नक्कल करत गेले की चौकोन लवकर भरतो. त्याला चिकटून दुसरा चौकोन काढा आणि तो १८६ या आकड्याच्या करड्या रंगाने भरा. चित्र शंभर टक्के आकारात ठेवून तीन मीटर मागे जा. रेषा एकमेकींत मिसळून त्यांचा निम्म्या तेजाचा करडा रंग दिसेल. २.२ गॅमा असल्यास १८६ हा आकडा नेमका तेवढेच तेज देतो, म्हणून दोन्ही चौकोन एकसारखे दिसले पाहिजेत. करडा चौकोन अधिक गडद दिसला तर गॅमा जास्त आहे आणि अधिक फिका दिसला तर कमी आहे. मॉनिटरच्या मेनूत किंवा विंडोजच्या ‘कलर कॅलिब्रेशन’ मध्ये तो बदलता येतो.

पांढरे कोणते?

पांढरा रंगसुद्धा एकच नसतो. तापत जाणारे लोखंड आधी लालभडक, मग पिवळसर आणि पुढे पांढरे होते. याच धर्तीवर पांढऱ्या प्रकाशाला तापमान देतात. मॉनिटरसाठी ६५०० केल्व्हिन हे प्रमाण मानलेले आहे, तो साधारण दिवसाच्या उजेडाचा पांढरा रंग होय. गंमत अशी की, मेनूतील ‘वॉर्म’ म्हणजे पिवळसर पांढरा रंग कमी तापमानाचा असतो आणि ‘कूल’ म्हणजे निळसर पांढरा रंग जास्त तापमानाचा! पडदा अर्थातच एवढा तापत नाही. तेवढ्या तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाशी त्याचा रंग जुळतो, इतकेच.

चित्रे व छायाचित्रे पाहताना ६५०० केल्व्हिन किंवा ‘एसआरजीबी’ हा पर्याय ठेवावा. झोपण्यापूर्वी काम करावे लागलेच तर रात्रीचा पिवळसर पर्याय लावावा, कारण निळ्या प्रकाशाने शरीराला दिवस असल्याची खूण मिळते. पण तेव्हा रंगांबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये!

पडदा लुकलुकतो का?

शेवटचे बटण ‘रिफ्रेश रेट’. ६० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला साठ वेळा, दर १६.७ सहस्रांश सेकंदाने, नवे चित्र घेतो. काचनळीत प्रत्येक चित्र उमटून विझत असे, म्हणून ६० हर्ट्झला डोळ्याच्या कडेने लुकलुक जाणवे आणि ७५ किंवा ८५ हर्ट्झ ठेवावे लागे. एलसीडीत पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे टिकून राहते, म्हणून वाचनासाठी ६० हर्ट्झ पुरतात. मात्र काही मॉनिटर कमी तेजासाठी मागचे दिवे भराभर चालूबंद करतात. हे ओळखण्यासाठी अंधाऱ्या खोलीत, ब्राइटनेस कमी ठेवून, कोऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल वेगाने हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर प्रकाश स्थिर आहे. पेन्सिलीच्या सुट्यासुट्या छाया दिसल्या तर दिवे लुकलुकत आहेत. तसे असेल तर ब्राइटनेस फार खाली न नेता खोलीतला उजेड वाढवावा.

जुळणीचा क्रम

मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. आधी रेझोल्यूशन, मग बैठक आणि खिडकी, मग कागद धरून ब्राइटनेस, मग काळे व पांढरे चौकोन, मग गॅमा, मग रंगाचे तापमान आणि शेवटी लुकलुक. क्रम मोडू नका, कारण खिडकीचा उजेड पडद्यावर असताना काळे चौकोन पाहणे म्हणजे वारा सुटलेला असताना तराजू जुळवण्यासारखे आहे. शाळेच्या संगणककक्षात शिक्षकांनी हा अर्ध्या तासाचा प्रयोग मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. इतके करूनही डोके दुखत राहिले, तर पुढची बटणे शोधू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, तेव्हा मधूनमधून दूर पाहायला विसरू नका.

आता त्या हरवलेल्या रेषेकडे येऊ. चित्राच्या त्या जागी रंगाचा आकडा होता जेमतेम १४. म्हणजे पांढऱ्याच्या सुमारे सहाशेव्या भागाइतके तेज. पांढरे १०० एकक धरले तर रेषेचे तेज ०.१७ एकक. टेबल खिडकीसमोर होते, त्यामुळे तिच्यावर तिच्याहून वीसपट अधिक असा परावर्तित उजेड पडत होता. पडदा ओढूनही ती दिसली नाही, कारण मॉनिटरची रेंज ‘लिमिटेड’ होती आणि १४ हा आकडा तेथे काळाच ठरत होता. रेंज बदलली, खिडकीचा पडदा तसाच ओढलेला ठेवला, आणि ती निळसर हिरवी रेषा आपल्या जागी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींना बोलावून मी माझा शेरा त्यांच्यासमोर खोडला आणि दोन गुण परत दिले. त्यांनी जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असेच लिहिले होते. पुस्तकात आहे म्हणून रेषा वहीत काढून टाकणे त्यांना सोपे होते, पण त्यांनी ते केले नाही. शून्यदोष मॉनिटरमध्ये होता, आणि उपकरण न तपासता निरीक्षकाला दोष देणाऱ्या माझ्यातही होता.

आता आमच्या प्रयोगाच्या वहीत पहिली ओळ ठरलेली आहे : ‘पडद्यावरचे काळे चौकोन तपासले, ८ पासून पुढचे सर्व दिसले.’ तुमच्या पडद्यावर कितवा चौकोन दिसतो?